विमानाला नवा पाय बसला, अर्जदारास मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जिल्हा कृत्रिम अवयव वाटप कक्ष, धाराशिव.

अर्जदार : सारजाबाई रामलिंग देवकते, रा. कोरडेवस्ती, ता. कळंब.

विषय : मापाचा व वजन लावून तपासलेला डावा पाय मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे 'लाभ पूर्ण' असे कळवणारे पत्र, दि. ६ जानेवारी २०२५.

महोदय,

१) अर्जदार ही शेळ्या राखणारी बाई आहे. वस्तीलगतच्या माळावर विमान शिकवणाऱ्या संस्थेची धावपट्टी आहे. मागच्या वर्षी श्रावणात अर्जदार कुंपणाबाहेर शेळ्या चारत असताना शिकाऊ विमान उतरताना जोरात आदळले. त्याचा चाकासकट मोडलेला पाय उसळत कुंपण फोडून आला आणि अर्जदाराच्या डाव्या पायावर बसला. सोलापूरच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विमान चालवणारी मुलगी आरोही दवाखान्यात येऊन पायथ्याशी बसून रडली. तिच्यावर अर्जदाराचा राग नाही. तिच्याशिवाय कोणी आले नाही, एवढेच नमूद करते.

२) मदतीसाठी अर्जदाराचे पती एका कचेरीत गेले. रस्त्यावरचा अपघात नाही म्हणून रस्त्याच्या योजनेत बसत नाही, असे सांगण्यात आले. मग विमानाच्या योजनेत बसवा म्हटल्यावर तेथील बाबूंनी विचारले, "तुमच्या मंडळीनं तिकीट काढलं होतं का?"

३) पुढे आपल्या कक्षाच्या शिबिरात अर्जदारास पाय मिळाला. माप घेतले नाही. अर्जदाराने विचारले तर वाटप करणारे म्हणाले, "मावशी, सगळ्यांना हाच बसतो. फोटोला नीट उभ्या राहा." फोटोपुरती अर्जदार उभी राहिली. त्यावरच 'लाभ पूर्ण' असे संदर्भातील पत्र आले. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीच्या यात्रेत, भर गर्दीत, तो पाय घोट्यात मोडला. अर्जदार तोंडावर पडली. लोक तिला ओलांडून गेले. चोळामोळा झालेले लुगडे सावरत सासूबाई मथुराबाईंच्या खांद्याला धरून ती रस्त्याच्या कडेला आली.

४) त्यानंतर अर्जदार संस्थेच्या शेडवर गेली. तेच विमान नव्या पायावर उभे होते. तेथील मिस्त्री बसप्पा यांनी बसायला खुर्ची दिली. अर्जदार म्हणाली, "दादा, ह्याला पाय कसा बसवला?" ते म्हणाले, "अक्का, उगं बसवत न्हाईत. कारखान्यात असल्या पायावर वजन लावून वरनं आदळून बघत्यात. मोडायचा तर तिथंच मोडू दे म्हणून. बसवल्यावर विमान उचलून धरायचं, केसाएवढी चीर दिसली तर परत नवा." अर्जदाराने हात लावून तो पाय पाहिला. गार होता. बसप्पांनी तोंड फिरवले.

५) आपल्या कक्षात मोडका पाय दाखवला असता, "एकदा दिला की तीन वर्षं न्हाय. जास्त चालला असाल," असे उत्तर मिळाले. अर्जदार जास्त चालली हे खरे आहे. शेळ्या बसून चरत नाहीत. आता वयाची सत्तरी ओलांडलेल्या मथुराबाई त्या राखतात आणि अर्जदार उंबऱ्यात बसून त्यांची वाट पाहते. विमान रोज डोक्यावरून जाते.

६) तरी अर्जदाराच्या अंगाचे माप घ्यावे, डोक्यावर घागर व काखेत करडू धरल्यावर जेवढा भार येतो तेवढा लावून पाय तपासावा आणि मगच द्यावा. जमत नसेल तर तसे लेखी द्यावे. वस्तीवरचा सुतार कुमार बाभळीचा पाय करून देतो म्हणाला आहे. अर्जदार त्याला आजवर थांबवत आली, सरकार देईल म्हणून. येत्या मंगळवारी तो माप घ्यायला येणार आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहून बसलेली,

सारजाबाई रामलिंग देवकते
(डाव्या हाताचा अंगठा)

कोरडेवस्ती, दि. १४ मे २०२५