वाचून दाखवणारी

अल कुसैस, दुबई
११ जानेवारी २०२५

प्रिय वलीमामा,

अस्सलामु अलैकुम. मी खुशाल आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीला सलाम. अम्मीला सांगा, खोकल्याचं औषध हमीदभाईंबरोबर पाठवलं आहे, जेवणानंतर घ्यायचं. इथे सध्या हवा छान आहे. रूममधल्या बाकीच्या दोघी सकाळी स्वेटर घालतात, मला काही तेवढी थंडी वाजत नाही.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, मामा. "खलास, समजलं" म्हणता आणि ठेवता. पत्र शेजारची नौशीन तुम्हाला वाचून दाखवेल, नेहमीसारखं, ओटीवर, उतरत्या दुपारी असरच्या नमाजानंतर. तेव्हा अम्मीही तिथे असते. हमीदभाई आमच्या ऑफिसचे सुपरवायझर आहेत, सुट्टीवर दाभोळला येताहेत. मी त्यांना विनंती केली आहे की वाचून पूर्ण होईपर्यंत बसा. त्यांना चहा द्या.

आधी कामाचं सांगते, कारण पुढचं त्यातूनच निघालं.

आमचं ऑफिस जुने कागद स्कॅन करून टाइप करून देतं. ऑक्टोबरपासून माझ्याकडे एकाच घराचे कागद आहेत. लॉरी म्हणून एक म्हातारे स्कॉटिश साहेब अल ऐनला राहतात. तेलकंपनीत इंजिनियर होते. स्कॉटलंडमधलं वडिलोपार्जित घर विकलं तेव्हा तिथले चौदा खोके इकडे आले. त्यांना त्यातून घराण्याचं पुस्तक छापायचं आहे.

त्यांचा मूळपुरुष आर्चिबाल्ड लॉरी दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या डेमरारा नावाच्या मुलुखात साखरेचा व्यापार करत होता. तिकडे त्याचे दोन उसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम होते. मायदेशी बायको, सात मुलं, दगडी घर, चर्चला दिलेली घंटा. बायकोला लिहिलेली पत्रं इतकी मायेची आहेत की टाइप करताना मला तो माणूस आवडू लागला होता. मुलीच्या दातदुखीची चौकशी करतो. बागेत नासपतीची झाडं कुठे लावायची ते चित्र काढून दाखवतो. मग पाचव्या खोक्यात याद्या निघाल्या. नाव, वय, काम, प्रकृती. "क्वाको, ४०, गाडीवान, पाठ अधू." "नॅन्सी, ११, घरकाम, निरोगी." अक्षर तेच, नासपतीच्या झाडांचं.

गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली, ती मालकांना. मग लॉरीने कलकत्त्याहून माणसं मागवली, पाच वर्षांच्या करारावर. त्या करारांचा गठ्ठा नवव्या खोक्यात होता. पानांवर जुने नंबर होते आणि मधलं एक पान नव्हतं.

माझा संशय लगेच लॉरीसाहेबांवर गेला. घराण्याचं पुस्तक म्हटल्यावर नावाला डाग लावणारं पान कोण ठेवील? मी तीन वेळा मोजलं. हमीदभाई म्हणाले, "फिझा, तुला पगार स्कॅनिंगचा मिळतो, सीआयडीचा नाही. यल्ला, पुढचा खोका घे." पण सगळे कागद स्कॅन केले अशी सही मला करायची होती. मला ती करवेना. फाइल द्यायला ड्रायव्हरबरोबर अल ऐनला गेले तेव्हा घाबरतच साहेबांना विचारलं. ते उठले, कपाटातून एक पाकीट आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "माझ्या वडिलांनी हे वेगळं काढलं होतं. मीही तसंच ठेवलं. आजवर कुणी विचारलं नाही."

त्या पानावर सहीऐवजी एकवीस जणांच्या फुल्या आहेत. खाली एक ओळ: "वरील अटी या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून समजावल्या आहेत." आणि त्याखाली सही, एका आपल्याच माणसाची, दुभाष्याची. साहेब म्हणाले, तो दुभाष्या कसंबसं इंग्रजी बोले, त्याला ते वाचता येत नव्हतं. आर्चिबाल्ड लॉरीला हे ठाऊक होतं, एका पत्रात त्याने ते गमतीने लिहिलंय. साहेबांनी पान परत पाकिटात घातलं नाही. "हेही टाइप कर," म्हणाले.

मी गाडीत बसले आणि फोनमध्ये तुम्ही पाठवलेले फोटो उघडले.

मामा, आता नौशीनच्या इकडच्या घरकामाच्या कराराचं. तुम्ही मला फोटो पाठवलेत आणि म्हणालात, "फिझाबाय, तू शिकलेली. आपल्या भाषेत वाचून रेकॉर्ड कर, म्हणजे तिच्या आईचा जीव भांड्यात पडेल. अल ऐनला चांगलं घर आहे, तीनच माणसं." फोटो दोनच आले, पहिल्या आणि तिसऱ्या पानाचे. दुसरं मागितलं तर तुम्ही म्हणालात, "त्यात काय, नुसते नियम असतात. तू शिकलीस तशी जास्तच वाचायला लागलीस."

पहिल्या पानावर नौशीनचं वय एकतीस लिहिलं आहे. ती एकोणीसची आहे. तिशीच्या आतल्या बाईला घरकामासाठी इकडे पाठवायला सरकार परवानगी देत नाही. तिच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्या होत्या.

तिसऱ्या पानाच्या तळाशी तीच ओळ आहे, वाचून समजावल्याची. पुढे माझं नाव. मला विचारण्याआधीच टाइप केलेलं.

लॉरीसाहेबांकडून परत येताना ड्रायव्हरला मी करारावरच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. फाटकाला साखळी होती, अंगणात वाळलेला पाला. समोरच्या दुकानदाराने सांगितलं, "ईदनंतर इथे कुणी राहत नाही. अधूनमधून एक व्हॅन येते. बायका उतरतात, दोन दिवसांनी दुसऱ्या व्हॅनमधून जातात." कुठे जातात, विचारलं. "बेटी, आम्ही विचारत नाही."

कदाचित तुम्हाला यातलं काही ठाऊक नसेल. एजंटने तुम्हालाही फसवलं असेल. मी चार दिवस स्वतःला हेच समजावते आहे. पण मग दुसरं पान का पाठवत नाही?

नौशीन, तू इथे थांबली असशील. थांबू नकोस. मामा, तिला थांबवू नका. आता जे आहे ते अम्मीसाठी आहे.

अम्मी, तू मस्कतला गेलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुझा कागद आला. तू मला मांडीशी घेतलंस आणि म्हणालीस, "वाच गं, माझी मास्तरीण." घरात वाचता येणारी मी एकटीच. ओटीवर शेजारपाजारचे जमले होते. कागद इंग्रजीत आणि अरबीत होता, मला तेव्हा फक्त मराठी येत होतं. मामांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, काय बोलायचं ते. मी कागदावर बोट फिरवत गेले आणि मामांचं बोलणं म्हणत गेले. दोन वर्षं, दर शुक्रवारी सुट्टी, वर्षातून एकदा घरी. मला येत नाही असं सांगायची लाज वाटली. सगळे वाहवा करत होते. तू अंगठा उठवलास.

चार वर्षांनी आलीस. तेव्हापासून तू घरात कुणाला आतून कडी लावू देत नाहीस. आम्ही हसायचो. मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

मामांनी माझ्या कॉलेजची फी भरली. मी त्यांचं मीठ खाल्लंय. ते पैसे कुठून येत होते, हे मी आजवर विचारलं नाही. आज विचारते आहे, सगळ्यांसमोर.

मी रेकॉर्डिंग पाठवणार नाही. तिसऱ्या पानावरचं माझं नाव खोटं आहे, हे मी इथल्या भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राला लिहून कळवलं आहे, पत्ता आणि व्हॅनसकट. कालच पोच आली. मामा, हे पत्र पोचेपर्यंत तो एजंट तुम्हाला फोन करेल कदाचित. तुमचं नाव मी लिहिलं नाही. दोनदा लिहिलं आणि खोडलं. ते बरोबर केलं की नाही, मला कळत नाही.

नौशीन, तुझं तिकीट सत्तावीस तारखेचं आहे. पासपोर्ट मामांच्या कपाटात असेल. तो माग. आत्ता, हमीदभाई बसले आहेत तोवर. मिळाला तर अम्मीच्या हातात दे. मिळाला नाही, तर तेही मला हमीदभाईंकडून कळेल.

मामा, माझ्याशी बोलणं टाकलंत तरी मी दर महिन्याला खुशाली लिहीत राहीन.

अम्मी, माफी मागण्याइतकं मोठं तोंड माझ्याकडे नाही. तुला काय म्हणायचं असेल ते नौशीनला सांग, ती तुझ्याच शब्दांत लिहून देईल.

जिच्या वाचण्यावर तुम्ही सगळ्यांनी भरवसा ठेवलात ती,
फिझा