टाकीच्या तळाला काय घालावं

कराड, ३ फेब्रुवारी १९७४
सौ. चंद्राबाई सतरा तारखेला माहेरून येणार. बातमी पक्की, मेहुणे नाथाजी इस्लामपूरहून येऊन स्वतः सांगून गेले. म्हणाले, "दाजी, बघायला येतिया. ऱ्हायाचं का न्हाई, तिचं ती ठरवंल." राहणारच. पाच महिने हवापालट पुष्कळ झाला. पहाटे पाचची शिट्टी तिला मानवली नाही, एवढंच. रिटायर झालो म्हणून हवालदाराने शिट्टी सोडावी काय?

तिला माशांच्या टाकीची जुनी हौस. लोहाराकडून फ्रेम करून काचा बसवल्या. तळाला काय घालायचं, एवढंच राहिलं.

५ फेब्रुवारी
नाथाजींबरोबर तिचा निरोप. "नदीची बारीक वाळू घाला म्हणावं. मासं त्यात त्वांड खुपसून खेळत्यात." वाळू आज इथं, उद्या तिथं. डिसिप्लिन नाही. रिजेक्ट.

७ फेब्रुवारी
मुरूम आठ वेळा धुतला. पाणी अजून चहासारखं. रिजेक्ट.

९ फेब्रुवारी
फायनल. संगमावरचे गोटे, एका मापाचे, तीन ओळी. चुन्याने पांढरे केले. पलटणीत ऑफिससमोर अशीच रांग असे. शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, "हवालदार, मासं ठेवनार का कवायत घेनार?" कौतुक वाटलं असावं.

१० फेब्रुवारी
सांगलीहून चार लाल मासे आणले. एसटीत बरणी मांडीवर धरून.

११ फेब्रुवारी, सकाळी ६
चौघेही वर येऊन तोंड उघडतात. ओळखू लागले.

संध्याकाळी
दोन गेले. प्रवासाचा शीण.

१२ फेब्रुवारी
उरलेले दोनही. धोंडुबाई म्हणाल्या, "आवं, चुना हाय त्यो. मानसाचं हात सोलवटत्यात, ती तर मासं." मी म्हणालो, क्लायमेट सूट झालं नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार
आली. गोटे घासून, पाणी बदलून टाकी तयार ठेवली होती. मासे नंतरही आणता येतात, हे मी तिला समजावलं. ती बराच वेळ वाकून तळाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "वाळूचा निरोप पोचला न्हवता का?" मी म्हणालो, पोचला होता. नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "व्हय. तुमाला समदं पोचतं." आवाज चढला नाही. हे चांगलं लक्षण.

चहा केला. माझीही कपबशी विसळून ठेवली. दुपारच्या गाडीने गेली. जाताना पिशवी मला धरू दिली नाही.

१८ फेब्रुवारी
इस्लामपूरहून माणूस आला. नाथाजी उद्या दहाला तिचं शिवणयंत्र न्यायला टेम्पो घेऊन येणार. ती येणार का, विचारलं. न्हाई म्हणाला.

यंत्र जड आहे, एकट्याला उचलवणार नाही. मी साडेनऊपासून दारात थांबेन.