लिव्हरवरचे दोन मिलिमीटर

प्रिय इन्स्पेक्टर,

त्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. दोन चादरी तारेवर टाकल्या, तिसरी पिळून उचलली आणि तार मधेच तुटली. धुतलेलं सगळं मातीत. अहो, धावा, गेलं सगळं, अशी मी जी काही ओरडले, की शेजारणीला वाटलं घरात कुणीतरी पडलं. तुझे बाबा शेडमध्ये व्हाइसच्या पकडीत धरलेल्या तुकड्यावर वाकून कानस चालवत होते. माझ्या ओरडण्याने त्यांचा हात दचकला आणि कानस घसरली. धावत बाहेर आले, आधी मला पाहिलं, मग चादरी पाहिल्या, आणि म्हणाले, एवढंच होय, मला वाटलं तुला काही झालं. तार जोडून दिली, बादली भरून दिली आणि परत आत गेले. दुपारी जेवताना त्यांनी खिशातून पोलादाचा एक तुकडा काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. बोटभर लांब, पाठीला सुरेख बाक. त्या बाकावर एका जागी दोन मिलिमीटर सपाट झालं होतं. म्हणाले, बघ, ही तुझी हाक. आता ही इंजिनात जाणार.

तू तेव्हा बाहेर शिकायला होतीस. आठवड्यातून एकदा फोन, त्यात तुझं जेवण, तुझी परीक्षा, तुझा खोकला. चादरींची गोष्ट कोण सांगत बसतं? बाबाही असल्या गोष्टी सांगणाऱ्यातले नव्हते. इन्स्पेक्टर हे तुझं नाव त्यांनीच ठेवलेलं. सात वर्षांची असताना व्हर्नियर घेऊन घरभर हिंडायचीस आणि साबणाची वडी, माझं बोट, मांजराचा कान, सगळ्यांची मापं घेऊन पाटीवर लिहायचीस. मी हे नाव कधी वापरलं नाही. आज वापरते आहे, आणि पत्र शेवटपर्यंत वाचलंस म्हणजे का ते कळेल.

आता तू इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत नकाशे काढतेस, तुला मी काय शिकवणार. पण मला काय आणि किती कळतं ते तुला माहीत असावं म्हणून लिहिते. इंजिन श्वास घेतं ते व्हॉल्व्हच्या दारातून. ते दार ढकलतो कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, आणि तो ढकलतो ते दर वेळी तेवढंच. गाडी नुसती उभी राहून गुरगुरत असो की चढावर धापा टाकत असो, दार उघडणार तेवढंच. मग हवा कमी हवी असली की वाटेत आणखी एक झाकण आडवं करायचं. म्हणजे नाकावर ओला रुमाल धरून श्वास घेण्यासारखं. बाबांचं म्हणणं, रुमाल कशाला, दारच कमी उघडा ना. त्यांनी मला हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन समजावलं होतं. फूटपट्टीखाली पेन्सिल आडवी, एका टोकावर माझं बोट. मी दाबायचं तेवढंच, पण ते पेन्सिल पुढेमागे सरकवायचे आणि पट्टीचं दुसरं टोक कधी इंचभर उचलायचं, कधी नखभर. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये असाच एक लिव्हर, आणि त्याचा टेकू सरकवता येणारा. बस्स, एवढंच, असं ते म्हणाले. त्या 'बस्स'मध्ये पाच वर्षं गेली.

सपाट झालेला तो लिव्हर (त्या सपाट जागेला ते सपाटाच म्हणायचे) त्यांनी तसाच, पाणी देऊन कडक करून, इंजिनात बसवला. मुळात चालतं का ते तर बघू, म्हणाले. आणि इंजिन चाललं, गं. हळू चालत असताना एक बारीकशी टिकटिक मात्र यायची. बाबा मला हाक मारून बोलवायचे आणि म्हणायचे, ऐक, अजून ओरडतेयस. लेथवाले काका तिथे असले की पोट धरून हसायचे. वीस वर्षं ती एकच शेड दोघांनी वापरली, एक किल्ली आपल्याकडे, एक काकांकडे, आणि आतला चहाचा कपसुद्धा कुणाचा कुठला ते त्यांना माहीत नव्हतं.

बाबा गेले तेव्हा तू अकरा दिवस राहिलीस. त्यानंतर दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा शेडमधला बिस्किटांचा डबा उघडला. लिव्हर त्यांनी इंजिनातून काढून त्यात ठेवला होता, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. फडकं होतं, त्याची चौकोनी घडीही होती, लिव्हर नव्हता. मी सगळी शेड उलटीपालटी केली. मग तुला फोन केला. तू म्हणालीस, काकांनी नेला असेल, त्यांच्याकडे किल्ली आहे ना. आणि पुढे म्हणालीस, पण तू त्यांना विचारू नकोस आई, उगाच वाईटपणा येईल.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारलेला संशय कसा वाढतो ते मला आता कळतं. काका आठवड्यातून एकदा यायचे, इंजिन हाताने फिरवून तेल द्यायचे, नाहीतर जाम होईल, वहिनी, म्हणायचे. मी दारात उभी राहून त्यांचे खिसे बघायचे. एकदा त्यांच्या दुकानात गेले तर त्यांनी मला बघून हातातलं काहीतरी खणात टाकलं आणि खण गुडघ्याने लोटला. माझ्या मनात पाल चुकचुकली. दोनदा म्हणाले, वहिनी, साहेबांची इंजिनाची वही नीट सांभाळा हं, त्यातलं शेवटचं पान मला एकदा बघायचंय. मला वाटलं, झालं, आता वहीवर डोळा. तू हसशील, पण वाचनालयातल्या रहस्यकथांमध्ये वाचलं होतं म्हणून मी शेडच्या दाराला खाली शिवणाचा काळा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला. काका तेल द्यायला येतात हे मला माहीत होतं, तरी तुटलेला दोरा हातात घेऊन मी पुरावा मिळाल्यासारखी बसले. त्याच आठवड्यात कुलूप बदललं. त्यांना सांगितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी किल्ली घातली, फिरवली, काढली, शर्टाला पुसली, परत घातली. मग कुलपाकडे बघत जरा उभे राहिले. घराकडे मान वळवलीसुद्धा नाही, आणि निघून गेले. त्याला दीड वर्ष झालं. काकी वाण्याच्या दुकानात दिसली तर मीच आधी नजर फिरवायचे.

वही माझ्याजवळच होती. ट्रंकेत, ब्लँकेटांच्या खाली. तूही त्या अकरा दिवसांत एकदा विचारलं होतंस आणि मी सापडत नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलले. त्यांचं अक्षर घराबाहेर जाऊ नये असं वाटलं, दुसरं कारण नाही. दुपारी काम आटपलं की मी ती काढून वाचते. अर्धं कळतं, अर्धं नुसतं बघते.

आता परवाचं. वाचनालयातली बाई माझ्यासाठी इंजिनांचं मासिक बाजूला काढून ठेवते, कारण दुसरं कुणी ते हातात धरत नाही. नव्या अंकात तुमच्या कंपनीच्या नव्या इंजिनावर सहा पानं होती. गरजेप्रमाणे कमीजास्त उघडणारा व्हॉल्व्ह, पुढच्या वर्षी बाजारात. मला आनंद झाला. तू नव्या विभागात गेलीस, वरची जागा मिळाली, ते याच कामावर, हे मला ठाऊक होतं. मग चौथ्या पानावर मोठं चित्र आलं. बोटभर लिव्हर, पाठीला सुरेख बाक, आणि त्या बाकावर एका जागी दोन मिलिमीटर सपाट. खाली लिहिलं होतं की हा सपाट भाग तेल टिकून राहावं म्हणून खास योजलेला आहे. मी भिंग मागून घेतलं. चार वेळा वाचलं. माझी हाक, त्या तुटलेल्या तारेची हाक, गुळगुळीत कागदावर छापून आली होती आणि कुणीतरी तिला तेलाची सोय म्हणत होतं.

तेव्हाही माझ्या डोक्यात काकाच आले. म्हटलं, अस्सं, नेऊन कंपनीला दिलं तर. मासिक काखेत मारून तरातरा त्यांच्या दुकानात गेले. लेथ चालू होतं. मी चित्र त्यांच्यासमोर आपटलं आणि म्हणाले, हे काय आहे ते सांगा. त्यांनी लेथ बंद केलं, हात पुसले, चष्मा लावला. मला वाटलं आता चेहरा पडेल. ते चित्राकडे बघत राहिले आणि मग भाबडेपणाने म्हणाले, अहो वहिनी, हा सपाटा यांनी ठेवला कशाला? हा तर काढायचा होता. एवढं बोलून त्यांनी तो खण उघडला, गुडघ्याने लोटला होता तोच. आत फडक्यात दुसरा लिव्हर होता. बाकावर बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. दवाखान्यात असताना बाबांनी त्यांना सांगितलं होतं, सपाटा काढून नवा कर, आणि तिला आत्ता सांगू नकोस, इंजिन चालू करून एकदम ऐकव, म्हणजे तिची टिकटिक गेली हे तिला कळेल. मापांची खात्री करायला त्यांना वहीचं शेवटचं पान हवं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी ते लिव्हर बसवायला आले, तर कुलूप दुसरं. मी म्हणाले, मग मला विचारलं का नाही? तर म्हणाले, वहिनी, कुलूप तुम्ही बदललंत, मी काय विचारणार.

मी घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता बसून राहिले. मग मला तू आठवलीस, नेहमीसारखी नाही, हिशेबाने. चित्रातला लिव्हर ज्याने नेला त्याला हे माहीत नव्हतं की तो सपाटा चूक आहे. काकांना माहीत होतं. मला माहीत होतं. बाबा तर गेलेच होते. चादरी पडल्या तेव्हा जे घरी नव्हतं, ज्याने वही कधी पाहिली नाही, आणि जे इतक्या प्रामाणिकपणे मापं घेतं की चुकीचंही माप सोडत नाही, असं माणूस मला एकच माहीत आहे. त्या अकरा दिवसांनंतर निघताना तू तुझी बॅग मला भरू दिली नाहीस. लहानपणापासून ती मीच भरत आले होते. तेव्हा वाटलं, मुलगी मोठी झाली. आणि फडक्याची घडी अशी चौकोनी कोण घालतं, तेही आता आठवलं.

पण मी एकदा चुकले आहे. दोन वर्षांवर एका भल्या माणसाला चोर समजले, दोरे बांधले. त्यामुळे आता छातीठोकपणे काही म्हणत नाही. हे पत्र वाचून तू भडकलीस, फोन करून मला वाट्टेल ते बोललीस, आई तुला वेड लागलंय का म्हणालीस, तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. तू फोन केला नाहीस तर मात्र मला कळेल. नेलास त्याचाही राग नाही. मागितला असतास तर बाबांनी तो तुला अंगठीच्या डबीत घालून दिला असता. राग आहे तो एकाच गोष्टीचा, काकांकडे किल्ली आहे ना, या वाक्याचा.

पत्र लिहिण्याचं कारण दुसरंच आहे. सोबत वहीचं शेवटचं पान पाठवते आहे, मूळच, नक्कल नाही. त्यांच्या अक्षरात लिहिलंय, सपाट जागा काढणे, कमी उघडझापीवर शंभर तास चालवलं, कडेला केसाएवढी चीर, भिंगाशिवाय दिसत नाही, हा लिव्हर वापरू नये. तुमचं इंजिन पुढच्या वर्षी रस्त्यावर येणार आहे. तोपर्यंत तो सपाटा गेला पाहिजे, आणि तो घालवायचा तर हे तुला कसं कळलं ते तिथे कुणालातरी सांगावं लागेल. बाबांचं नाव घे, काकांचं घे, आणि चूक कुणाची असं विचारलं तर बिनधास्त माझं सांग. नवा लिव्हर इंजिनात बसवायचा आहे, पण तू आल्याशिवाय चालू करायचं नाही असं आमचं ठरलंय. दुकानातून घरी आले ती परवाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादरी धुतल्या, वाळत घातल्या, आणि नव्या कुलपाची दुसरी किल्ली नेऊन काकांच्या हातात दिली.

भडकलीस तरी तुझीच,
आई