आज बर्फाची बादली आधी

मंगळवार, १७ जानेवारी २००६. नवघर

पॅरालिसिस झाल्यापासून ह्यांचा उजवा हात मी रोज संध्याकाळी दोन बादल्यांत बुडवते. आधी गरम पाणी, मग बर्फाचं. बर्फ तारोडीची मासेवाली देते, म्हणून घरभर बोंबलाचा वास. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलंय, डोळे मिटून ओळखायचं. दोन आठवडे हे बरोब्बर ओळखतायत. ‘गरम. आता गार.’ मी वेडी, रत्नागिरीला सासूबाईंना फोनसुद्धा केला, हाताला कळायला लागलंय म्हणून.

आज शेजारीण दारात आली, ‘भाभी, पानी आया क्या?’ तिला उत्तर देता देता ह्यांचा हात मी चुकून आधी बर्फात घातला.

हे म्हणाले, ‘गरम.’

म्हणजे नुसता क्रमच पाठ झाला होता? की माझं पडलेलं तोंड बघवत नाही म्हणून रोज तसं सांगतायत? वासावरूनसुद्धा कळलं नाही. कसं कळणार, बोंबलाचा वास आता दोन्ही बादल्यांना लागलाय. माझी बोटं बधिरली, तरी ह्यांचा हात आपला शांत, पाण्यात पडून.

हे डोळे मिटून वाट बघत होते. रोज मी ‘बरोबर’ म्हणते.

आजही म्हटलं.