तिसऱ्या मजल्यावरचा डबा

बीड, गुरुवार

ती. आत्यास प्रवीणचा सविनय जयभीम.

मी इकडे तब्येतीने खुशाल आहे (बाकीचं पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? मागे दिलेलं तेल तू लावत नाहीस आणि मामा ते टकलाला चोळतात, ही बातमी माझ्यापर्यंत पोचलेली आहे. चोळू देत. केस आले तर मात्र कळव, आमच्या लॅबच्या सरांना बाटली हवी आहे. फोन सोडून हा पत्राचा खटाटोप कशासाठी, असं तुला वाटेल. मामांना तुझा फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची सवय आहे. मागच्या खेपेला माझं पोट बिघडलं तेव्हा तुमच्या गल्लीतल्या तीन माणसांनी मधेच बोलून औषध सुचवलं, आणि त्यातल्या एकाला तर मी ओळखतही नाही. म्हणून हे पत्र. तू ते एकटीने, चष्मा लावून, दार लोटून वाच.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. तू ठरवलंस तसं या रविवारी मुलगी बघायला धारूरला येणं मला जमणार नाही. मुलीत काही खोट आहे असं नाही. तू पसंत केलीस म्हणजे चांगलीच असणार. अडचण माझ्याकडे आहे आणि ती एका स्टीलच्या डब्याची आहे. माझा त्यात काडीचाही दोष नाही, हे तुला पत्र संपेपर्यंत पटेल.

आमची बिल्डिंग तू बघितलेली नाहीस. चार मजले आहेत. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही (बिल्डर म्हणतो येणार आहे, तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या केशरबाईंनी खड्ड्यात उन्हाळी कांदे साठवलेत). त्यामुळे सगळ्यांची सगळ्यांशी गाठ जिन्यातच पडते. मी पहिल्या मजल्यावर. तिसऱ्यावर ओव्हाळ राहतात. कचरूआण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण चौतीस वर्षं माणसं मोजल्याची सवय काही रिटायर झालेली नाही. गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला "कुठं?" म्हणून विचारतात, आणि कोण चढलं, कोण उतरलं हे पक्कं लक्षात ठेवतात. जानेवारीत मला ताप आला ना, तेव्हा मी तीन दिवस खाली दिसलो नाही म्हणून तेच वर येऊन दार वाजवायला लागले. "तीन दिस झाले उतरला न्हाईस, कावून?" त्यानंतर आठ दिवस आण्णांच्या घरून रुक्मिणीकाकूंनी मला खिचडी पाठवली. डबा घेऊन त्यांची मुलगी यायची, चैताली. कोर्टात स्टेनो आहे. दारातूनच ताप किती म्हणून विचारायची आणि मी थर्मामीटर शोधेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच आकडा सांगायची. अर्ध्या डिग्रीच्या वर एकदाही चुकली नाही. हे मी फक्त लॅब टेक्निशियन या नात्याने तुला सांगतो आहे, भलता अर्थ काढू नकोस.

आता डबा रिकामा परत द्यायचा नसतो, ही तुझीच शिकवण. मला स्वयंपाक येत नाही, म्हणून मी त्यात कधी द्राक्षं, कधी केळी, कधी फरसाण घालून दिलं. तर त्यांनाही रिकामा खाली पाठवायचा नव्हता. असं करता करता माझा ताप जानेवारीत उतरला आणि डबा एप्रिलपर्यंत चढत-उतरत राहिला. मी रोज साठ-सत्तर बाटल्यांवर नावं चिकटवतो, आजवर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही. त्यामुळे त्या डब्यावर काय कोरलंय ते मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं: "चि. चैताली हिस, स्टेनोची परीक्षा पास झाल्याबद्दल, आत्याकडून." म्हणजे डबा साधा नव्हता. आत्याने दिलेल्या वस्तूची किंमत मला कळते.

तोच डबा मी हरवला. गेवराईला आमचं रक्तदान शिबिर होतं, काकूंनी धपाटे बांधून दिले होते. दुपारी खाल्ले आणि परत येताना डबा गाडीच्या फळीवर ठेवला, तो तिथेच राहिला. घराचं कुलूप काढताना आठवण झाली. बरं, एसटीत हरवलेली वस्तू शोधून काढील असा अख्ख्या बीडात एकच माणूस मला माहीत आहे, आणि नेमकं त्यालाच सांगायची सोय नव्हती. आण्णांनी एक फोन केला असता तर डबा संध्याकाळच्या आत स्टँडवर आला असता. पण चौतीस वर्षांत आपल्या गाडीतली एक पिशवी गहाळ होऊ दिली नाही असं सांगणाऱ्या माणसापुढे, तुमच्या मुलीचा डबा मी फळीवर विसरलो, हे कोणत्या तोंडाने बोलायचं?

तेव्हा मी भांड्यांच्या दुकानातून तसाच, त्याच मापाचा डबा घेतला. दुकानाबाहेर नाथा म्हणून एक म्हातारा हातातल्या मशीनने भांड्यांवर नावं घालत बसतो. लगीनसराई चालू, त्याच्या भोवती आहेराच्या भांड्यांचा ढीग. मी त्याला चिठ्ठी लिहून दिली: वर चैताली, खाली प्रवीण. (लॅबमध्ये पेशंटचं नाव वर आणि नमुना घेणाऱ्याचं खाली लिहितात. हात तसाच वळला.) बाकीचा मजकूर, म्हणजे परीक्षा, आत्या वगैरे, तोंडी सांगितला. ढिगात बसलेल्या माणसाच्या तो कुठला लक्षात राहायला! त्याने डबा कागदात गुंडाळून दिला, मी तू पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू त्यात भरले आणि वर नेऊन दिला. आमच्या जिन्यातला बल्ब महिनाभर गेलेला आहे, त्यामुळे कोरलेलं वाचायचा प्रश्नच नव्हता.

दार आण्णांनी उघडलं. कुठलीही वस्तू हातात आली की दोन्ही बाजूंनी बघायची हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता. त्यांनी डबा उजेडाकडे कलता केला, चष्मा सरळ केला, आणि स्टँडवर गाडी लागली की ओरडायचे त्या आवाजात वाचलं: "चि. प्रवीण व चि. सौ. कां. चैताली यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट. मित्रपरिवार." मित्रपरिवार हे नाथाने स्वतःच्या मनाने घातलं. देणाऱ्याचं नाव नाही म्हणजे मित्रच असणार, असा त्याचा हिशेब.

आत्या, जिन्यात आवाज किती घुमतो याची तुला कल्पना नाही. मी तोंड उघडायच्या आत केशरबाई दुसऱ्या मजल्यावरून वर आल्या आणि साखरपुड्याला बोलावलं नाही म्हणून माझ्यावरच रुसल्या. बिल्डिंगच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. चौथ्या मजल्यावरच्यांनी तर विचारलं की मांडव गच्चीवर घालणार का, कारण त्यांचा कूलर तिथे आहे. आण्णांनी मला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि बिनतिकिटाचा माणूस सापडल्यासारखी चौकशी सुरू केली. कधीपासून, कुठून, कुठपर्यंत. मी नाथाचं नाव पुढे केलं, डबा हरवल्याचंही कबूल केलं. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "शुभविवाह कावून लिवलं? आपल्यात मंगल परिणय म्हनतेत." काकू तोवर लाडू खात होत्या आणि पाक कसा जमलाय ते सांगत होत्या.

एवढ्यात चैताली बाहेर आली. तिने डबा हातात घेतला, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत नीट वाचला, चूक शोधायला वाचतात तसा. मग म्हणाली, "माझं नाव तर बरोबर घातलंय." आणि डबा घेऊन आत गेली. आण्णा आधी आतल्या दाराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "तुझं मोठं मानूस कोन हाय? त्याला घेऊन ये. एकट्या पोराशी मी असलं बोलत न्हाई." मी खाली आलो. बाबा गेल्यापासून माझं मोठं माणूस कोण आहे ते तुला सांगायला नको. दहावीची फी भरायला तूच आली होतीस, पहिल्या पगाराची मिठाई तुझ्याच हातात ठेवली.

ही झाली सोमवारची गोष्ट. मंगळवारी ती कोर्टात निघालेली जिन्यात भेटली. म्हणाली, रविवारी अकरा वाजता गेवराईचे लोक तिला बघायला येणार आहेत. मुलाला पक्की नोकरी आहे, दारात चारचाकी आहे. एवढं सांगून ती पायरीवरच थांबली. मी काय म्हणालो असेन? "चांगलंय" म्हणालो. खरंच, आत्या, चांगलंय म्हणालो! पिशवी खांद्यावर घेऊन ती दोन पायऱ्या उतरली, वळली, आणि म्हणाली, "तुमाला तोंडानं जमत न्हाई. निदान लिहून तरी काढा." तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. काल लॅबमध्ये एका आजोबांच्या बाटलीवर मी गेवराई असं लिहिलं. आजोबांचं नाव धर्मराज आहे, ते केजचे आहेत. वेळेवर खोडलं म्हणून बरं.

असो. मी का येऊ शकत नाही ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. धारूरच्या लोकांची माझ्या वतीने माफी माग. त्यांच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगला मुलगा मिळो, तो मिळणं फारसं अवघड नाही. मामांना जयभीम सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझा आज्ञाधारक,
प्रवीण सरवदे

ता. क. लाडू तिसऱ्या मजल्यावर फार आवडले. काकू विचारत होत्या, गूळ कुठला?

ता. क. दुसरा. रविवारी धारूरहून पहिली गाडी पकडलीस तर तू दहाच्या आत बीडला पोचतेस. मी स्टँडवर उभा असेन. गेवराईवाल्यांच्या आधी तुला तिसरा मजला चढायचा आहे. गुडघ्याची काळजी करू नकोस, मध्ये केशरबाईंकडे खुर्ची सांगून ठेवली आहे. मला आण्णांपुढे बोलता येणार नाही, ते तू बोल. काय बोलायचं ते तुला माहीत आहे.

ता. क. तिसरा. वर लिहिलंय की मजकूर तोंडी सांगितला, तसं काही झालेलं नाही. नाथाने चिठ्ठी बघून विचारलं, "लग्नाचं हाय का?" परीक्षा, आत्या, सगळं माझ्या ओठावर होतं. पण त्याने दोन्ही नावं एका दमात वाचली, ती कानाला इतकी बरी वाटली की मी "हो" म्हणालो. मग मशीन थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो. जिन्यातल्या बल्बचंही खरं नाही, तो चालू आहे. वर जाताना मी डबा दोनदा वाचला होता. आत्या, मला ती फार आवडते. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतो आहे.

ता. क. चौथा. घरात डिंक नाही म्हणून पाकीट उघडंच आहे. आण्णांच्या ओळखीचा कंडक्टर उद्या धारूरच्या गाडीवर आहे. कोर्टात जाता जाता चैताली पत्र त्याच्याकडे देणार आहे. वाचणार नाही असं तिने कबूल केलंय.

आदरणीय आत्या, जयभीम. मी चैताली ओव्हाळ. वाचलं. आमच्या कोर्टात कुणी एवढं लांबवलं तर साहेब मध्येच थांबवतात, पण मी शेवटपर्यंत वाचलं, आणि तिसरा ता. क. दोनदा. गेवराईच्या लोकांना येऊ नका म्हणून आण्णांनी कालच कळवलं, मीच सांगितलं होतं. हे यांना अजून माहीत नाही. तुम्ही येईपर्यंत कृपा करून सांगू नका. ते लोक येणार म्हणून हे घाबरले, तेव्हा कुठे एवढं तरी लिहून झालं. तुम्ही मात्र नक्की या. पहिल्या गाडीची घाई नको, सावकाश जेवायलाच या. आई पुरणाचं करणार आहे.