पहिलीची ताई

१८ नोव्हेंबर

घसा बसला. नववीचे दोन तास सलग. शेजारच्या वर्गाला शिक्षक नाही, त्यांचा गोंगाटही मीच आवरायचा. रोह्याहून पेणची गाडी चुकली, घरी येऊन नुसता वरणभात लावला.

आज मनस्वीला इंग्रजीचा धडा वाचायला सांगितला. वर्गात हिच्याइतकं सुबक अक्षर कोणाचं नाही. पाहुणे आले की वह्या हिच्याच दाखवतो. घडाघडा वाचत होती. बाकाशेजारून गेले तर पुस्तकात भलताच धडा उघडा – आणि ओठ चालूच. मी परवा वाचलेला ऐकून पाठ केला होता. सबंध!

'बस' एवढंच म्हटलं.

१९ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत तिला थांबवलं. सोप्यातली सोपी इंग्रजी वाक्यं दिली. नाही. मग मराठीचं पुस्तक दिलं. तेही नाही.

'अक्षरं वळखते बाई. जोडून नाय येत.'

फळ्यावरचं ती चित्र काढल्यासारखं उतरवते. म्हणून इतकं सुंदर. पोरगी चौदा वर्षांची. आजवर प्रत्येक वर्गाच्या शिक्षकांनी म्हटलं असेल, पुढचे बघतील. पुढची म्हणजे मी. आणि मला आज उभं राहायचंही त्राण नाही.

२४ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांना सांगितलं. ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, 'दाखला घ्यायला सांगा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसेल. आपल्या निकालाला धक्का नको.'

बाहेरून म्हणजे शाळाच बंद. मग कुठे शिकणार ती?

'बघते,' म्हणून उठले.

२८ नोव्हेंबर

शकूबाईंशी बोलले. मैदानापलीकडच्या आमच्याच प्राथमिक विभागात त्या पहिलीला शिकवतात. निवृत्तीला आल्यात, तरी दिवसभर पोरांबरोबर खाली सतरंजीवर बसतात.

म्हणाल्या, 'माझ्याकडं धाड. पोरं सांभाळायला मोठी मुलगी पाहिजे, असं सांग तिला. पोरांबरोबर वाचायला लागेल, कुणाला कळायचं नाय.'

पीटीच्या तासाला मनस्वी पहिलीत जाणार.

९ डिसेंबर

खिडकीतून पाहिलं. शकूबाई फळ्यावर शब्द लिहितात, पोरं बोट ठेवून वाचतात, मनस्वी त्यांच्या बोटांवर लक्ष ठेवते – म्हणजे स्वतःही वाचते. पोरं तिला 'ताय, ताय' करतात. एक दिशा म्हणून आहे, मनस्वीच्या शेजारच्या घरातली. ती तर मांडीवरून उठत नाही.

३ जानेवारी

मराठी जोडून येतं आता, इंग्रजीचेही तीनअक्षरी शब्द जमायला लागले. 'हेन' वाचलं आणि स्वतःच म्हणाली, 'कोंबडी.' तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

१९ जानेवारी

दिवसभर सरकारला हवी ती ऑनलाइन माहिती भरली. वर्गावर एकही तास घेता आला नाही. पाय सुजलेत.

२ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. नववीतल्या मुलींना कळलं. सकाळपासून 'पहिलीची ताई' चाललं होतं. मी ओरडले, त्याने तर सगळ्या वर्गाला कळलं.

दुपारी वडील आले – नितेश. धाटावला कंपनीत असतात, आळीतल्या कोणाकडून तरी कळलं असणार, शिफ्ट सुटल्यावर थेट शाळेत. आवाज चढलेला नव्हता, तेच जड गेलं.

'माझी पोर नववीत हाय बाई. तिला पहिलीत कुनी बसवली?'

मी सांगायला लागले, तिला वाचता येत नाही. तर म्हणाले, 'तिचं अक्षर बघितलंय तुमी? आमच्या सगळ्या आळीत असं अक्षर नाय कुनाचं.'

तिला घेऊन गेले. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी

मनस्वी येत नाही.

१४ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आईने, रोहिणीने, चहा केला. मनस्वी आतल्या खोलीत, दार लोटलेलं.

'बाहेर नाय येत बाई. लाज वाटते म्हनते. तिचा बापूस म्हनतो दाखला काढू, बाहेरून बसवू.'

मी मुद्दाम मोठ्याने बोलले, दारापलीकडे ऐकू जावं म्हणून. परीक्षेला ये, तेवढी दे, मग काय ते ठरव. दार हललं नाही. परत येताना नागोठण्यापर्यंत झोपच लागली. आता माझ्याने होत नाही.

२७ फेब्रुवारी

शकूबाई म्हणाल्या, दिशा रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन मनस्वीकडे जाते. 'ताय, वाचून दाव' म्हणते. आणि मनस्वी दाखवते.

१० एप्रिल

परीक्षेला आली! शेवटच्या बाकावर बसली. मान खाली. मीही जवळ गेले नाही.

१८ एप्रिल

तिचा पेपर तपासला. दर वेळी ती प्रश्नच सुंदर अक्षरात पुन्हा लिहून ठेवायची, आणि मी अक्षराकडेच बघायचे. ह्या वेळी पाठांतराची उत्तरं कोरी. पण शेवटचा न शिकवलेला उतारा, त्याखालचे प्रश्न – उत्तरं लिहिलीत. तिची. वाकडी अक्षरं, खाडाखोड, स्पेलिंगं चुकलेली. दोन बरोबर!

पास होण्यापुरते मार्क नाहीत. कुठून आणू? दोनदा तपासला.

२२ एप्रिल

निकालाची बैठक. मी म्हटलं, मनस्वीला वर घ्या, सवलतीचे गुण देता येतात. मुख्याध्यापक म्हणाले, 'दहावीत नापास झाली तर?'

'तर माझ्या विषयात होईल. जबाबदारी माझी.'

'इतकी वर्षं दहावी तुमच्याकडे दिली ती निकालासाठी, वैशालीताई. असंच करायचं असेल तर जूनपासून दहावी दुसऱ्याला देतो. तुम्ही पाचवी घ्या.'

दहावी माझी होती – तेवढं एकच होतं माझं ह्या शाळेत.

'द्या पाचवी. पण तिला चढवा.'

घरी येऊन रडले थोडी. लिहूनच ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

२ मे

निकाल. नितेश दाखला न्यायला आले. मी म्हटलं, ती पास आहे, आणि आधी हे बघा. पेपर पुढे ठेवला. बराच वेळ बघत राहिले.

'अक्षर बिघडलंय हिचं.'

'हो. आधीचं फळ्यावरून उतरवलेलं होतं. हे तिनं स्वतः वाचून लिहिलंय.'

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'इथं काय लिवलंय?'

मी वाचून अर्थ सांगितला. मुलगा नदीवर का गेला, ह्याचं उत्तर.

'हे तिला कुनी सांगितलं नाय?'

'कोणी नाही.'

पेपर नीट घडी घालून परत दिला. दाखल्याचं बोललेच नाहीत. पण शाळेत पाठवतील असंही म्हणाले नाहीत.

१५ जून

शाळा सुरू. दहावीच्या दारावरून पुढे गेले, बघितलं नाही. पाचवीत पहिला दिवस. निम्म्यांना वाचता येत नाही. शकूबाई निवृत्त झाल्या, विचारायला कोणी नाही. दुपारपर्यंतच थकले.

१६ जून

मधल्या सुट्टीत मनस्वी दारात. दहावीचं नवीन पुस्तक छातीशी धरलेलं.

'बाई, आमाला तुमी नाय?'

'नाही. मी आता पाचवीला.'

पाठीमागे तिच्या वर्गातल्या मुली डबा खात होत्या, ऐकत होत्या.

'मग मी रोज हितं येते,' म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आत आली, चप्पल काढली आणि पाचवीच्या पोरांत खाली बसली.