चपलेच्या वरचं

प्रिय कृष्णात,

चप्पल मिळाली. सोमवारी तुझी अनुजावहिनी भाजी घेऊन येताना तुझ्या दुकानातून घेऊन आली, तेव्हापासून ती घालून घरभर फेऱ्या मारतोय. उजव्या करंगळीला जागा बरोबर सोडली आहेस, पट्ट्यावरची कातड्याची वेणी नेहमीसारखी बारीक. त्या कर्रकर्र आवाजाने अनुजा वैतागली आहे. म्हणते, "एका जागी बसा तरी, न्हायतर त्यांच्याकडं जाऊन या की." दोन्ही जमत नाही. तीन शुक्रवार झाले, माझ्या वर्गातला तुझा शेवटचा बाक रिकामा आहे, आणि माझ्या जिवाला थारा नाही.

खोक्यातला पुठ्ठा कोरा निघाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चपलेचा आकार कापून उरलेल्या पुठ्ठ्यावर तू दर जोडाबरोबर एक शब्द लिहून द्यायचास, अर्थासकट, मुळासकट. बोर्बोरिग्मस आठवतो? पोटातली गुरगुर, म्हणे ग्रीकांनी नुसत्या आवाजावरून शब्द पाडला. तू ऐन चहात तो म्हणून दाखवलास आणि माझा अख्खा कप शर्टावर सांडला. बारावीनंतर दुकानात बसलेला तू, एम. ए. झालेला मी, आणि शब्द आणायचास तू. राजारामपुरीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासचा 'शुक्रवारचा शब्द' एवढा गाजला, त्यातले निम्मे तुझे होते. हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तू व्हेलीइटी दिला होतास. इच्छा आहे, पण उठून काही करावं एवढी नाही. लॅटिनमधल्या 'इच्छिणे'वरून आलेला. तेव्हा छान वाटला, आता तोच भोगतोय. तीनदा चप्पल लाइनच्या कोपऱ्यापर्यंत आलो. तिथून तुझं दुकान दिसतं, तू मान खाली घालून शिवत बसलेला दिसतोस. तीनदा शेजारून गुळाची ढेप विकत घेऊन माघारी फिरलो. घरात आता तीन ढेपा झाल्यात. एवढ्या गुळाचं काय करायचं, हे अनुजा विचारते आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

त्या शुक्रवारी नव्या बॅचचा डेमो होता. पालक खुर्च्यांवर, मी कडक इस्त्रीत. शब्द घेतला सॉन्टर, म्हणजे रमतगमत चालणं. मग माझी लाडकी गोष्ट: पवित्र भूमीला, फ्रेंचमधल्या 'सँत तेर'ला, निघालोय असं सांगून गावोगाव रेंगाळणाऱ्या यात्रेकरूंवरून तो आला. तू मागून हात वर केलास. दुकान बंद करून तसाच आला होतास, बोटं रंगाने तपकिरी. म्हणालास, "विश्वा, ती गोष्ट मागनं जोडल्याली हाय. डिक्शनरीत मूळ नक्की ठाऊक न्हाय म्हणून लिवलंय की." चहाला बसल्यावर बोलतोस तसंच, साधं. पण एका पालकाने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि माझं डोकं फिरलं.

मी फळ्यावर अल्ट्राक्रेपिडेरियन लिहिलं. ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालणारा. आणि मूळ सांगितलं: एक ग्रीक चित्रकार, त्याच्या चित्राला नावं ठेवणारा एक चपला शिवणारा, आणि चित्रकाराने त्याला सुनावलेलं, चपलेच्या वरचं बोलू नकोस. सांगताना मी तुझ्या बोटांकडे बघितलं. पोरंही तिकडेच वळून हसली. तूसुद्धा हसलास. मग वही मिटलीस आणि बाक नीट आत सरकवून गेलास.

मी जात काढली नाही, नुसता शब्द सांगितला, असं स्वतःला समजावत होतो. खोटं आहे ते. आठवीत वाचन चांगलं म्हणून गुरुजींनी तुला पुढच्या बाकावर बसवलं, तेव्हा पोरं जे बोलली होती तेच मी बोललो, फक्त इंग्रजीचा शर्ट घालून. आणि तेव्हा तुझ्या बाजूने मारामारी केलेला मीच होतो. लाज वाटते रे.

पत्र आजच लिहायचं कारण वेगळं आहे. काल बेचैनीत तुझे जुने पुठ्ठे काढून बसलो. नऊ वर्षांपूर्वीचा एक हातात आला. त्यावर तुझ्या अक्षरात तोच शब्द. तूच मला दिलेला, आणि मी तो तुझ्यावरच उगारला. खाली तू लिहिलं होतंस: त्या माणसाने आधी चित्रातल्या चपलेला एक बंद कमी असल्याचं दाखवलं, आणि चित्रकाराने दुसऱ्या दिवसापर्यंत तो गुपचूप रंगवून दुरुस्त केला, हे कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नाही. या शुक्रवारी सांगणार आहे, त्याच पालकांना बोलावून. सॉन्टरची चूक आणि शब्द कुणाचे तेही. तू आलास तर खडू तुझ्या हातात. नाही आलास तरी सांगणार. पत्र मी स्वतःच आणून देतोय, पण सांगायचं ते लिहूनच, कारण तोंडाने बोलायला लागलो की मी थट्टेवर नेईन. तू वाचेपर्यंत दुकानाबाहेर तुझ्याच चपलेत उभा आहे. कोरा पुठ्ठा पत्रासोबत ठेवलाय. त्यावर काहीतरी लिहून दे. शिवी असली तरी चालेल, मूळ तेवढं बरोबर लिही.

तुझाच,
विश्वा